भाग : पाहुणा कामगार ते ग्रीन कार्ड, जर्मनीची फाईल

आजचा भाग मी जर्मनीतूनच रेकॉर्ड करतोय. समोर टेबलावर एक कागद आहे. माझ्या राहण्याच्या परवान्याची मुदत संपली, नवा अजून आलेला नाही, तोवर हा तात्पुरता कागद. दुसऱ्यांदा वाढवून घेतलाय. मी दिवसभर सॉफ्टवेअर लिहितो, पण इथल्या ऑफिसात माझी फाईल अजून पुठ्ठ्याचीच आहे! म्हटलं, या फाईलचा इतिहास बघू.

सुरुवात १९५५ ची. पश्चिम जर्मनीला कामगार कमी पडत होते, म्हणून इटलीशी करार झाला. १९६१ मध्ये तुर्कस्तानशी. शब्द काय वापरला? 'गास्टआरबायटर', पाहुणा कामगार. आणि पाहुणा म्हणजे जाणारा. १९६४ मध्ये दहा लाखावा पाहुणा पोर्तुगालहून आला, तेव्हा त्याला स्टेशनवर मोपेड भेट दिली. १९७३ मध्ये तेलसंकटाच्या सुमारास भरती बंद. गंमत बघा, आता एकदा गेलो तर परत येता येणार नाही, म्हणून अनेक जण गेलेच नाहीत. उलट त्यांनी घरच्यांना बोलावून घेतलं.

मग २०००. चॅन्सलर श्रोडर यांनी आयटीवाल्यांसाठी 'ग्रीन कार्ड' जाहीर केलं. संख्या २०,०००. अट एकच, पदवी किंवा वर्षाला १ लाख मार्क पगार. मुदत? जास्तीत जास्त पाच वर्षं. म्हणजे नाव अमेरिकेचं, पण आतला विचार जुनाच, पाहुण्याचा. त्याच वर्षी एका राज्याच्या निवडणुकीत भारतीयांऐवजी आपली मुलं घडवा, अशा अर्थाचा प्रचारही झाला. २००४ संपेपर्यंत साधारण १८,००० कार्डं दिली गेली. कोटा भरलाच नाही. डॉट-कॉमचा फुगा फुटला होता हे खरंय. पण पाच वर्षांनी पुढे काय, याचं उत्तर त्या कार्डात नव्हतं. ते २००५ च्या कायद्याने थोडंफार दिलं.

आता कायदे बरेच मोकळे झालेत. २०२४ मध्ये कुशल भारतीयांचे वार्षिक व्हिसा २०,००० वरून ९०,००० करायचं जाहीर झालं. पण २०१७ चा एक कायदा होता, २०२२ अखेर ५७५ सरकारी सेवा ऑनलाइन आणायचा. ती मुदत हुकली. आपल्या भाषेत सांगायचं तर रिक्वेस्टची मर्यादा वाढवली, मागचा सर्व्हर तोच.

मला वाटतं, प्रश्न आता दार उघडण्याचा राहिलेला नाही. युद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी इथे निवृत्त होतेय, माणसं लागणारच आहेत. पण आलेला माणूस टिकतो की नाही, हे काउंटरवर ठरतं.

माझंच सांगतो. पुण्याहून एक ऑफर आली आहे. इथलं काम आवडतं, म्हणून अजून हो म्हटलेलं नाही. परवा पुन्हा अपॉइंटमेंट आहे. बघू, कागद मिळतो की आणखी एक तारीख.

तोवर, पुढच्या भागात भेटू.