थडग्यावरील अक्षरे : पूसँ आणि खोकरी

निकोला पूसँ या फ्रेंच चित्रकाराचे लूव्र संग्रहालयातील ‘आर्केडियातील मेंढपाळ’ (सुमारे १६३८) हे चित्र मृत्यूच्या प्रतीकांची चर्चा करताना वारंवार पुढे येते. रम्य भूमीत मेंढपाळांसमोर एक थडगे आहे आणि त्यावरील लॅटिन अक्षरे ते बोटाने लावू पाहत आहेत. आर्केडियातही मी आहे, असे त्या अक्षरांतून मृत्यूच बजावतो, हा व्याकरणसंगत अर्थ एर्विन पॅनोफ्स्कीने १९३६ मध्ये पुन्हा निदर्शनास आणला. उत्तरकालीन वाचनाने मात्र हे उद्गार मृताच्या तोंडी घातले आणि इशाऱ्याची जागा हुरहुरीने घेतली. चित्रातील थडग्यावर नाव नाही, तिथी नाही. म्हणूनच कोणाचाही शोक त्यात सामावतो.

आगरदांड्याजवळील खोकरी येथे जंजिऱ्याच्या सिद्द्यांच्या कबरी आहेत. त्यांचे जुने घुमट पाहणारा प्रेक्षकही त्यांत असेच एक उदास चित्र पाहतो. परंतु येथील मृत्यू निनावी नाही. १६८९-९० मध्ये मुंबईला वेढा घालणाऱ्या सिद्दी कासम ऊर्फ याकूतखानाच्या कबरीवरील अरबी लेखात त्याचे मृत्युवर्ष हिजरी १११८ (इ.स. १७०६-०७) असे कोरलेले आहे. जवळच खैरियतखानाची कबर आहे. सर्वांत मोठी वास्तू सिरुलखानाची असून ती त्याच्या हयातीतच बांधली गेली, असे सांगतात. १८८३ च्या कुलाबा-जंजिरा गॅझेटियरनुसार कबरींच्या व्यवस्थेसाठी सावली-मिठागर या गावाचे उत्पन्न लावून दिलेले होते. गुरुवारी कुराणपठण होई आणि मृत्युदिन पाळले जात.

याचा अर्थ असा, की येथे स्मरण ही केवळ भावना नव्हती. गाव, महसूल, वार आणि पठण यांनी बांधलेली ती एक व्यवस्था होती. १९४८ मध्ये जंजिरा संस्थान विलीन झाले आणि या व्यवस्थेमागील राजसत्ता संपुष्टात आली. अवशेषांची म्हणून जी उदासी वर्णिली जाते ती दगडात नसते. लेख वाचता न येणारा प्रेक्षक नावाच्या जागी प्रतीक बसवतो आणि मृताच्या जागी स्वतःला.

मराठी इतिहासलेखनात सिद्दी प्रामुख्याने शत्रू म्हणून येतो, तर प्रवासवर्णनात त्याची कबर भूदृश्याचा भाग होते. परस्परविरुद्ध भासणाऱ्या या दोन्ही वाचनांत आफ्रिकी वंशाच्या एका समाजाचा आपल्या मृतांविषयीचा शोक वगळला जातो. पूसँच्या मेंढपाळाला अर्थ लागला असो वा नसो, त्याने निदान अक्षरांवर बोट ठेवले आहे. खोकरीच्या वाचनाचा आरंभही तेथूनच व्हावयास हवा.