घिसाडी भट्टी

घिसाडी भट्टी : लोखंड तापवून घडवण्यासाठी जुन्या-मोडक्या वस्तूंतून उभारलेली छोटी, कुठेही मांडता येणारी भट्टी. महाराष्ट्रात भटक्या जमातींत गणला जाणारा घिसाडी (गाडी लोहार) समाज तिच्यावर पोट भरतो. बीड जिल्ह्यात, परळी वैजनाथच्या परिसरात, तिला विशेष महत्त्व आहे. हा ऊसतोड मजुरांचा मुलूख. मुकादम मजुरीची आगाऊ उचल देतो तीही कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. आणि ऊस तोडायचा खरा कोयता घडतो, पाजवला जातो तो अशा भट्टीवर.

रचना अगदी साधी. जमिनीत वीतभर खोल खड्डा, त्याला चिखल आणि भुशाचा गिलावा, तळाशी वारा सोडणारी लोखंडी नळी. खड्ड्याऐवजी ट्रकचा भंगारातला ब्रेक ड्रमही चालतो. ओतीव लोखंडाचा असल्याने तो आच सोसतो. युरोप-अमेरिकेतले हौशी लोहारही अनेकदा ब्रेक ड्रमची भट्टी करतात. सिमेंटचा गिलावा मात्र टाळावा, तो तापून तडकतो आणि त्याचे कपचे उडतात. जस्ताचा मुलामा असलेला पाइपही वापरू नये. जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो.

भट्टीचा जीव वाऱ्यात आहे. पूर्वी हा वारा कातडी भात्याने घालत. आता बऱ्याच ठिकाणी पत्र्याच्या डबीत बसवलेला पंखा दिसतो. टायर काढलेल्या सायकलच्या चाकाला मूठ जोडायची आणि रिमच्या खाचेतून पंख्याच्या छोट्या कप्पीवर पट्टा न्यायचा. कप्पी रिमच्या एक-दशांश असली, तर चाकाच्या एका फेऱ्यात पंखा दहा वेळा फिरतो.

इंधन म्हणून लाकडी कोळसा उत्तम. वाळलेल्या लाकडाच्या किलोमागे साधारण 15 ते 16 मेगाज्यूल उष्णता मिळते, कोळशातून जवळपास दुप्पट. शिवाय लाकूड ओले असले, तर त्याची काही आच ओलावा घालवण्यातच खर्च होते. म्हणून लाकडावर विस्तव धरायचा आणि काम कोळशावर करायचे.

कोयत्यासाठी ट्रकचा जुना कमानपाटा हा हुकमी माल. पोलाद नारिंगी झाले की सांडशीने ऐरणीवर घ्यायचे आणि घण घालायचा. रंग काळवंडला की पुन्हा विस्तवात. घडण झाल्यावर धारेचा भाग लालभडक करून विझवतात, त्याला पाणी देणे म्हणतात. नुसते विझवलेले पोलाद ठिसूळ राहते, म्हणून ते पुन्हा हलके तापवावे लागते. तापमापक नसतो; सगळा अंदाज रंगावरून, आणि तो रंग नीट दिसावा म्हणून सावलीतली जागा धरलेली बरी.

या कामात बायकांचा वाटा निम्म्याहून कमी नाही. पुरुष सांडशी धरून लोखंड फिरवतो, समोर उभी राहून घण घालते ती बहुधा घरची बाई. भाता किंवा चाकही तिच्याच नाहीतर मुलांच्या हाती असते. कारागिरीच्या वर्णनांत तिचे नाव मागे पडते, हे अन्यायाचे आहे.

ऊसतोड मजुरांच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांकडे निघतात, त्याआधी कोयत्यांचे काम असते. मृगाच्या तोंडावर विळे, खुरपी आणि कुळवाच्या फासा भट्टीवर येतात.