मामलेदाराकडचा पाण्याचा दावा
१४. ‘मामलेदाराकडे दावा लावला’ : तेव्हा कडेगाव खानापूर तालुक्यात होते आणि कचेरी विट्याला, म्हणून तारखेला विट्याला जाण्याचा उल्लेख. कडेगाव पुढे स्वतंत्र तालुका झाला. दावा 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खालचा. शेतीसाठी वापरात असलेले विहिरीचे वा पाटाचे पाणी कोणी तोडले, तर सहा महिन्यांच्या आत असा दावा लावता येतो. मामलेदार (आताचे तहसीलदार) फक्त चालू वापर कोणाचा होता एवढेच पाहतात. निकालावर अपील नाही, जिल्हाधिकाऱ्यांकडे फेरतपासणी मागता येते. मालकी वा हिश्श्याचा वाद दिवाणी न्यायालयात जातो. लेखकाच्या चुलत्यांचे प्रकरण म्हणूनच दोन ठिकाणी चालले.

पुढे येणारा ‘चार आणे हिस्सा’ म्हणजे विहिरीच्या पाण्यात चौथा वाटा. वाटणीनंतर विहीर एकाच्या गटात राहिली, तरी इतर भावांचे आणे सातबाराच्या इतर हक्कांत नोंदवतात आणि त्या प्रमाणात पाळीचे दिवस ठरतात. नोंद वा वाटणीचा दुसरा पुरावा नसेल, तर वीस वर्षांचा उघड, अखंड, हक्काने केलेला वापर सिद्ध करावा लागतो (सुविधाधिकार कायदा, 1882, कलम १५). दुसऱ्याच्या रानातून पाट वा पाइपलाइन नेण्याची परवानगी मात्र वेगळी : जमीन महसूल संहिता, 1966, कलम ४९.

ताकारी-टेंभूच्या कालव्याचे पाणी या हिशेबात येत नाही. ते पाटबंधारे खात्याच्या मंजुरीने मिळते. — संपा.