मोरस साखर आणि माहेबूरचे पाचट

आपल्या आजी-पणजीच्या तोंडी ‘मोरस साखर’ हा शब्द होता. गूळ घरचा, काकवी घरची. पण पांढरी दाणेदार साखर आली की ती ‘मोरस’. शब्दकोशात आजही तो शब्द सापडतो. मोरस म्हणजे मॉरिशस. आपल्याकडे साखर कारखाने नव्हते तेव्हा हिंदी महासागरातल्या त्या चिमुकल्या बेटावरून साखरेची पोती मुंबई बंदरात उतरत आणि तिथून आपल्या स्वयंपाकघरात येत. साखर संपली, शब्द मागे उरला. पण ती पिकवली कोणी, हे आपण कधी विचारले नाही. विचारले असते तर उत्तरात आपलीच माणसे सापडली असती. म्हणून या लेखात आम्ही त्या बेटावरच्या एका छोट्या शहराचा इतिहास मांडत आहोत.

शहराचे नाव माहेबूर. बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर वसलेले, पंधरा-एक हजार वस्तीचे. शहर म्हणायचे ते सवयीने. सरकारी कागदांत ते अजून ग्रामपंचायतीचे गावच आहे. समोर उथळ निळी खाजण, पलीकडे बसलेल्या सिंहासारखा डोंगर. सोमवारचा बाजार मोठा भरतो. मशीद, मंदिर आणि चर्च चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. विमानतळ जवळच असल्याने परदेशी पाहुणा बेटावर पाय ठेवतो तो याच भागात. दक्षिणेला प्वांत देस्नी आणि ब्लू बे हे किनारे, तिथे बंगले आणि रिसॉर्ट. पर्यटकांच्या माहितीपत्रकात पांढरी वाळू असते, पोवळी असतात, आणि इतिहास म्हणून एक लढाई असते.

ती लढाई खरीच मोठी होती. ऑगस्ट १८१० मध्ये याच खाजणीत इंग्रज आणि फ्रेंच आरमार भिडले. इंग्रजांची चार लढाऊ जहाजे गेली. दोन त्यांनी स्वतःच जाळली, दोन फ्रेंचांच्या हाती पडली. पॅरिसच्या विजयकमानीवर या विजयाचे नाव कोरलेले आहे. दोन्ही बाजूंच्या जखमी सेनानींवर ज्या घरात उपचार झाले, त्या घरात आज संग्रहालय आहे. मात्र विजय चार महिनेही टिकला नाही. डिसेंबर १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतले, आणि त्यासाठी लागलेले सैन्य बहुतांश मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याहून आणले.

कमानीवर जहाजांच्या लढाईचे नाव आहे. जहाजे हाकणाऱ्यांचे काय? त्या काळात कंपनीच्या आणि व्यापाऱ्यांच्या जहाजांवर हिंदी खलाशी असत. त्यांना ‘लास्कार’ म्हणत. आपला ‘लष्कर’ आणि हा ‘लास्कार’ एकाच फारसी शब्दाची लेकरे. त्यांत मुसलमान पुष्कळ होते. राजधानी पोर्ट लुईत त्यांची वेगळी वस्ती होती आणि तिथेच १८०५ च्या सुमारास बेटावरची पहिली मशीद उभी राहिली. मोहरमच्या मिरवणुकीला तिथे ‘यामसे’ म्हणतात. ‘या हुसेन’ या हाकेचे ते क्रिओल रूप. आजही क्रिओल बोलीत मुसलमानाला ‘लास्कार’ म्हणतात, आणि तो शब्द नेहमी आदराने वापरला जातो असे नाही. धंद्याचे नाव असे धर्माचे नाव होऊन बसले. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे ती पुन्हा लागणार आहे.

पहिली मशीद झाली तेव्हा बेटाचा फ्रेंच गव्हर्नर होता जनरल डेकाएन. माहेबूर वसवले तेही त्यानेच, आणि त्याला आधीचा गव्हर्नर माहे द ला बुर्दोने याचे नाव दिले. डेकाएनच्या काळात गुलामगिरी कायम राहिली. याच डेकाएनने १८०७ साली आणखी एक हुकूम काढला. भरतीच्या रेषेपासून आत अडीचशे फ्रेंच फूट, म्हणजे सुमारे ८१ मीटर रुंदीचा किनारपट्टा सरकारी राहील, तो विकता येणार नाही, असे त्याने ठरवले. हेतू संरक्षणाचा होता; किनाऱ्यावर तोफा बसवायच्या होत्या. तेव्हा कोणाला वाटले नसेल की दोनशे वर्षांनी याच पट्ट्यावर आरामखुर्च्या मांडल्या जातील.

इंग्रज आले आणि ऊस वाढला. ऊस बेटावर नवा नव्हता; डचांनी तो १६३९ साली जावाहून आणला होता. पण १८२५ साली मॉरिशसच्या साखरेवरची जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी कमी झाली आणि मळेवाल्यांनी दिसेल त्या जमिनीवर ऊस लावला. उसाला हात हवे होते. ते हात आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांचे होते. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली. मालकांना भरपाई म्हणून वीस लाख पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. गुलामांना दमडी मिळाली नाही, उलट आणखी चार वर्षे ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्याच मालकांकडे राबावे लागले. माहेबूरच्या नदीपलीकडे एक वस्ती आहे. तिचे नाव ‘व्हिल न्वार’, म्हणजे काळे गाव. पुलाच्या अलीकडे गव्हर्नरचे नाव, पलीकडे कातडीचा रंग.

रस्ते बांधायलाही माणसे हवी होती. त्यासाठी १८१५ पासून सुमारे दीड हजार हिंदी कैदी काळ्या पाण्यावर मॉरिशसला पाठवले गेले. काही बंगालचे, काही मुंबई इलाख्याचे. १८३६ साली चार्ल्स डार्विन तिथे उतरला तेव्हा या कैद्यांच्या रुबाबदार चेहऱ्यांनी तो चकित झाला आणि तसे त्याने लिहून ठेवले. त्यांची नावे मात्र त्याने लिहिली नाहीत.

मग आले गिरमिटिये. २ नोव्हेंबर १८३४ रोजी कलकत्त्याहून ‘अ‍ॅटलास’ जहाज ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईला लागले. पुढच्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास हिंदी माणसे तिथे उतरली. कलकत्ता आणि मद्रास ही मोठी बंदरे. मुंबईचा वाटा लहान, पण होता. मुंबईहून गेलेल्यांत कोकण आणि देशावरचे मराठी बोलणारे लोक होते. पगार महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापला जाई. मुदत संपलेल्या मजुरालाही १८६७ च्या कायद्याने फोटो लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो सापडला नाही तर कोठडी. १८७१ साली आदोल्फ द प्लेव्हित्झ या मळेवाल्यानेच मजुरांच्या बाजूने अर्ज लिहिला, त्यावर नऊ हजारांहून अधिक मजुरांच्या सह्या-निशाण्या झाल्या आणि शाही आयोगाला चौकशीसाठी यावे लागले. अर्ज लिहिणाऱ्याचे नाव इतिहासात आहे, ते असावेच. पण मालकाच्या रागाला न भिता अंगठा उठवणारे ते नऊ हजार कोण होते?

१८६५ साली रेल्वे माहेबूरपर्यंत पोहोचली. शहर भरभराटीला येईल असे वाटत असतानाच १८६७ ची हिवतापाची साथ आली. बेटभर हजारो माणसे मेली. ज्यांना शक्य होते ते किनारा सोडून थंड हवेच्या पठारावर राहायला गेले. किनाऱ्यावर उरले कोळी, मजूर आणि लहान दुकानदार. समुद्राकाठ राहणे ही तेव्हा गरिबीची खूण होती. या पडत्या काळात, १८७० साली, व्हिल न्वारमध्ये एका कुटुंबाने मनिऑकची बिस्किटे करायला सुरुवात केली. मनिऑक म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद. गुलामांचे पोट स्वस्तात भरावे म्हणून ला बुर्दोनेने तो बेटावर आणला होता. ही बिस्किटे तव्यावर भाजतात आणि तव्याखाली जाळ असतो उसाच्या पाचटाचा. गुलामाचे अन्न आणि मजुराच्या शेतातला कचरा यांतून या गावाची सर्वांत आवडती वस्तू तयार झाली.

विसाव्या शतकात हिवताप आटोक्यात आला, विमाने आली, आणि किनाऱ्याचे मोल उलटे झाले. ज्या वाळूवर ताप होता तिच्यावर बंगले उठले. डेकाएनचा सरकारी पट्टा विकता येत नव्हता. पण भाड्याने देता येत होता. दीर्घ मुदतीच्या पट्ट्यांवर तो हॉटेलांना आणि श्रीमंतांच्या बंगल्यांना मिळाला. दुसरीकडे साखरेचे दिवस फिरले. युरोपने १९७५ पासून दिलेला हमीभाव २००९ मध्ये बंद झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अडीचशेवर असलेले साखर कारखाने आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. ऊस तोडणाऱ्यांची नातवंडे हॉटेलांत चादरी बदलतात, बागा राखतात, पाहुण्यांना नावेतून पोवळी दाखवतात. २०१९ साली पावणेचौदा लाखांवर पर्यटक या बेटावर आले. बेटाची स्वतःची लोकसंख्या त्याहून कमी आहे.

आणि मग २०२० आले. कोविडमुळे हॉटेले ओस पडली होती. २५ जुलैला ‘वाकाशियो’ नावाचे जपानी मालकीचे मालवाहू जहाज प्वांत देस्नीसमोरच्या पोवळ्यांच्या कड्यावर चढून बसले. त्याचा कप्तान हिंदुस्थानी होता. परक्याचे जहाज हाकणारा आपला खलाशी दोनशे वर्षांनंतरही त्याच पाण्यात होता. ६ ऑगस्टला तेल गळू लागले. सुमारे हजार टन काळे तेल खाजणीत पसरले. सरकारी यंत्रणेची वाट न पाहता माहेबूरच्या धक्क्यावर माणसे जमली. कोळी, शिक्षक, विद्यार्थी, हॉटेलचे कामगार. मशिदीत जाणारे, मंदिरात जाणारे, चर्चमध्ये जाणारे. त्यांनी शेतांतून उसाचे पाचट आणले, कापडाच्या लांब पिशव्या शिवून त्यांत ते ठासून भरले, तरंगण्यासाठी रिकाम्या बाटल्या बांधल्या आणि हे बांध समुद्रात सोडले. पाचट तेल शोषून घेते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. १५ ऑगस्टला जहाज दुभंगले. पुढे १२ सप्टेंबरला याच माहेबूरच्या रस्त्यांवरून हजारो लोकांनी जाब विचारणारा मोर्चा काढला.

आम्हांला वाटते, माहेबूरचा खरा इतिहास त्या पिशव्यांत भरलेला होता. किनारा भाड्याने देणारे आणि घेणारे वेगळे. तो वाचवायला पाण्यात उतरले ते उसाच्या कामगारांचे वारस. पॅरिसच्या कमानीवर त्यांच्यासाठी जागा नाही. पण या लोकांचे पूर्वज नेमके कोण, हे तरी आपल्याला कळू शकते का?

काही अंशी कळू शकते. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत गिरमिटियांच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. नाव, बापाचे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव, जिल्हा, जहाज, आणि एक रकाना जातीचा. हिंदू मजुराच्या त्या रकान्यात त्याची जात येई. मुसलमानाच्या रकान्यात नुसते ‘मुसलमान’. तो विणकर होता की कोळी हे तिथे कळत नाही, आणि घरी मराठी बोलत होता की भोजपुरी, हेही नाही. १९६८ च्या राज्यघटनेने निवडणुकीसाठी चार समाज मानले: हिंदू, मुसलमान, चिनी आणि उरलेले सर्वसाधारण. तिथे ‘मराठी’ म्हटले की हिंदू मराठी असाच अर्थ घेतात. त्यांनी आपली भाषा शाळेत टिकवली, गणेशोत्सवाची सार्वजनिक सुट्टी मिळवली, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण मुंबई बंदरातून गेलेल्या मुसलमानाची मराठी कुठल्याच रकान्यात बसली नाही.

दोष केवळ इंग्रज कारकुनाचा नाही. मॉरिशसच्या जनगणनेत ‘पूर्वजांची भाषा’ विचारतात. १९८३ साली तिथल्या हजारो मुसलमानांनी उत्तर दिले, ‘अरबी’. पूर्वज हिंदुस्थानातून आलेले, घरात क्रिओल, आणि कागदावर अरबी! धर्मग्रंथाची भाषा आईच्या भाषेच्या जागी बसवली गेली. पुढच्या जनगणनेत हा आकडा बराच खाली आला, पण प्रश्न राहिला. तो आपल्यालाही नवा नाही. ‘तुम्ही मुसलमान, मग मराठी कसे बोलता?’ हा सवाल आपण दोन्ही बाजूंनी ऐकत आलो आहोत. मुसलमान मराठी साहित्याची चळवळ उभी राहिली ती या सवालाला उत्तर म्हणूनच. धंद्याच्या नावाने, धर्माच्या नावाने, बंदराच्या नावाने दुसऱ्याने आपल्याला ओळखावे आणि आपणही तीच ओळख खरी मानावी, यात आईची भाषा पहिल्यांदा बुडते.

पण नोंदवहीत एक रकाना जिल्ह्याचा आहे, आणि दुसरा गावाचा. जातीच्या रकान्यात ‘मुसलमान’ आणि जिल्ह्याच्या रकान्यात ‘रत्नागिरी’ अशा ओळी शोधण्याचे काम आपल्या तरुण अभ्यासकांनी हाती घ्यावे, असे आम्ही सुचवतो. कदाचित अशा ओळी थोड्याच निघतील. पण एक जरी निघाली तरी इंग्रजी वळणाने लिहिलेले ते मोडके गावाचे नाव वाचता येईल ते राजापूर-संगमेश्वराकडच्या माणसालाच, पोर्ट लुईच्या किंवा लंडनच्या विद्वानाला नाही. मोरस साखर आपण पिढ्यान्‌पिढ्या गोड मानून खाल्ली. तिचा हिशेब निदान नावांनी तरी चुकता करता येईल.