पाण्याची पारख

परभणी जिल्ह्यातील झरी या गावाचे नाव घेताच पाणी आठवते. त्या प्रांतातील काळ्या खडकातले पाणी बहुधा जड असते. त्यातील क्षार जिभेस नेमके कळत नाहीत. घरी यवमद्य आंबविणाऱ्यास मात्र ते कळलेच पाहिजेत. इंग्लंडातील बर्टन गावचे मद्य जिप्समयुक्त पाण्यामुळे नावाजले. पुढे १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी आम्लतेचे 'सामू' हे माप दिले. मद्यशाळेच्या आश्रयाने शास्त्र वाढावे, हे आमच्या सोवळ्या मनास खटकेल खरे! १९३४ साली अमेरिकेत बेकमन यांनी लिंबाच्या रसाकरिता सामूमापक यंत्र रचिले. परंतु त्याची काचेची कांडी कालांतराने बहकते. म्हणून सामू ७ व ४ च्या ज्ञात द्रावणांत बुडवून तिचा आकडा आधी जुळवून घ्यावा, आणि मगच विहिरीच्या पाण्यास लावावी.