बासष्ट वर्षांची ओळखचूक

गाय गवत खाऊन दूध देते, हे आपण बालपणापासून ऐकत आलो. परंतु गवतातील सेल्युलोज नामक चिवट द्रव्य फोडणारा पाचकरस गाईच्या, किंबहुना कोणत्याही सस्तन प्राण्याच्या, शरीरात उत्पन्न होत नाही. ते काम तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात, ज्यास कोटीपोट म्हणतात तेथे, वसणारे सूक्ष्मजीव करतात. १८४३ साली पॅरिस येथे ग्रुबी व डेलाफों यांनी तेथील आदिजीवांची वर्दळ प्रथम वर्णिली. पुढे अमेरिकेत रॉबर्ट हंगेट यांनी प्राणवायू वर्ज्य करून जंतू वाढविण्याची रीत बसविली व विसाव्या शतकाच्या मध्यास सेल्युलोज फोडणारे जंतू वेगळे करून दाखविले. आता जाणावयाचे फारसे उरले नाही, असे कोणास वाटले असल्यास नवल नाही.

तथापि कोटीपोटातील एका रहिवाशाची ओळखच चुकली होती. १९१३ साली ब्राउने या जर्मन संशोधकाने शेपटीसारख्या अनेक तंतूंनी पोहणारा एक जीव पाहून त्याची गणना आदिजीवांत केली. ती तशीच चालत आली. मग इंग्लंडात कॉलिन ऑर्पिन मेंढ्यांच्या पोटातील या जीवांची मोजदाद करू लागले. चारा खाताच अल्पावधीत त्यांची संख्या कित्येक पटींनी वाढे व लवकरच ओसरे. इतक्या त्वरेने कोणता जीव दुभंगून वाढेल? ऑर्पिन यांनी ताडले की, ते बाहेरून वाढत नसून चाऱ्यास चिकटलेल्या एखाद्या देहातून सुटत असावेत. १९७५ साली त्यांनी लिहिले की, हे पोहणारे जीव म्हणजे बुरशीची बीजे होत. बीज काडीवर स्थिरावले की तंतू गळतात, मुळे फुटतात व ती कठीण काडीत शिरून तिला आतून उकलतात. १९७७ साली त्यांच्या देहभित्तीत कायटिन आढळले, आणि शंकेस जागा उरली नाही.

ब्राउने यांची दृष्टी मंद होती, असे मला वाटत नाही. प्राणवायूवाचून बुरशी जगत नाही, असे तेव्हाचे शास्त्र सांगे. मग प्राणवायूरहित पोटात तिला शोधणार कोण? आम्हां शिक्षकांस हे थोडे झोंबणारे आहे.

या बुरशीचे नाव निओकॅलिमॅस्टिक्स फ्रंटालिस. ग्रीक भाषेत मॅस्टिक्स म्हणजे चाबूक. ती आदिजीव गणली जात होती त्या काळची ही खूण नावात अजून शाबूत आहे.