रासबेरीचा दुसरा बहार

लाल रासबेरी हे मूळचे युरोप आणि उत्तर आशियातल्या थंड मुलखाचे फळ. लिनियसने १७५३ साली त्याला ‘रुबस इडियस’ हे नाव दिले, ते ग्रीकांच्या इडा पर्वतावरून.

या झुडपाची मुळे वर्षानुवर्षे जगतात. काडी मात्र दोनच वर्षांची. पहिल्या वर्षी ती नुसती वाढते, हिवाळाभर गारठा खाते आणि दुसऱ्या उन्हाळ्यात फळून वाळते. गारठाही थोडाथोडका नव्हे, साधारण सात अंशांखालचे शेकडो तास! काही झुडपांना मात्र नव्या काडीच्या शेंड्यावर त्याच वर्षी, शरदात फळ धरे. जुन्या माळ्यांना हे ठाऊक होते. पण फळ उशिरा येई आणि बरेचसे हिमात सापडे. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हाच्या कृषी प्रयोग केंद्राने १९६९ साली ‘हेरिटेज’ हे वाण दिले आणि हा दुसरा बहार भरवशाचा झाला. आता हिवाळ्यात साऱ्या काड्या जमिनीलगत छाटल्या, तरी नवे कोंब त्याच वर्षी फळतात. चिलीने या वाणावर मोठी निर्यात उभी केली.

मग मुकुंदवाडीच्या अंगणात ही रासबेरी येईल का? थंडीची अट सैल झाली, पण मे महिन्यातले चाळीस अंशांचे ऊन कुठे जाणार? मुळे उथळ, म्हणून उन्हाळ्यात पाणी सतत हवे. आणि काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साचले की तीच मुळे कुजतात. हौस असेल, तर निचऱ्याच्या मोठ्या कुंडीत, दुपारच्या सावलीत एखादे झुडूप लावून पाहावे.

बहार हवा तेव्हा धरण्याची विद्या मात्र मराठवाड्याला नवी नाही. मोसंबीचे पाणी तोडून तिला ताण देतात, पाने गळू लागतात, मग पाणी सोडले की झाड फुलावर येते. आंबे, मृग आणि हस्त हे तीन बहार आपल्या शेतकऱ्याच्या तोंडी आहेत. तिकडे जे काम हिवाळा करतो, ते इथे कोरडी जमीन करते.

पण ताण देणे आपल्या हाती असते, ते विहिरीत पाणी असेपर्यंतच. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना-संभाजीनगर भागातल्या कितीतरी मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. तेव्हा परदेशी फळाचे रोप आणण्याआधी, मे महिन्यात त्याला पाणी कुठून घालणार, हा हिशेब करावा. बागेचा खरा बहार तिथेच ठरतो.